मुंबईच्या दमट हवेत धनुष्य बनवून घ्यायचंय? मग त्याचे लिम्ब कशाचे असावेत ते आधी ठरवा

जुलै महिन्यात मुलुंडच्या एखाद्या जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन बघा. बाथरूमचं लाकडी दार फुगलेलं असतं, खांद्याने रेटल्याशिवाय लागत नाही. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढलेली असते. दिवाळी उलटली की तेच दार सुतार न बोलावता पुन्हा नीट लागायला लागतं. मुंबईकरांना यात काही नवल वाटत नाही.

आता त्याच लाकडाची दोन पातळ पाती काढली, त्यांना दोरी बांधली आणि आठवड्यातून तीनशे-चारशे वेळा वाकवली, तर? दार फुगलं तर खांदा लावता येतो. धनुष्याचं पातं पूर्ण ओढीत असताना तडकलं, तर त्याचा तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. रामायणात शिवधनुष्य मोडलं त्याचं कौतुक झालं. बोरिवलीच्या गच्चीवर मोडलं तर डोळ्याचा प्रश्न आहे.

विषय निघायचं कारण असं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीत जगज्जेते झाले. तेव्हापासून तिरंदाजीचे रील्स बघणारे वाढले. या दोघांचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकं आणि केबलचं. पण बऱ्याच जणांच्या मनात भरतं ते दुसरंच. लाकडी मूठ, टोकाशी निशाणाकडे वळलेली पाती, चाकं नाहीत, दुर्बीण नाही. याला ट्रॅडिशनल रिकर्व्ह म्हणतात. असं धनुष्य आपल्या हाताच्या मापाने बनवून घेताना कारागीर पहिल्याच फोनवर विचारतो, "लिम्ब कशाचे हवेत?"

इथे गाडी अडते. कारण समोर नावं येतात मेपल, बांबू, काच, कार्बन, फोम. आणि गुगलवर मिळणारी बरीच उत्तरं अमेरिकेतल्या थंड, कोरड्या गॅरेजमध्ये बसून लिहिलेली असतात.

लिम्ब म्हणजे नेमकं काय?

लिम्ब म्हणजे मुठीच्या वर आणि खाली असलेली, वाकणारी दोन पाती. (कडुनिंबाशी संबंध नाही. पण मैदानात सगळे लिम्बच म्हणतात, म्हणून इथेही तेच.) मूठ फक्त धरायला. बाण फेकण्याचं सगळं काम लिम्ब करतात. तुम्ही दोरी ओढता तेव्हा हाताची ताकद लिम्बमध्ये साठते, दोरी सोडली की ती बाणाला मिळते.

लिम्ब वाकतो तेव्हा त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळी संकटं येतात. निशाणाकडची बाजू ताणली जाते. तुमच्याकडची बाजू दाबली जाते. मधला भाग तुलनेने निवांत असतो. म्हणजे ताणाला एक पदार्थ लागतो, दाबाला एक, आणि दोघांना अंतरावर धरून ठेवायला मध्ये तिसरा.

एक साधं गणित बघा. समजा लिम्ब एकूण ८ मिलिमीटर जाड आहे. दोन्ही बाजूंना १-१ मिलिमीटर फायबरग्लास आणि मध्ये ६ मिलिमीटर मेपलचं लाकूड. काचेचा थर लाकडापेक्षा साधारण तिपटीहून जास्त ताठ असतो, शिवाय तो बाहेरच्या बाजूला बसलेला. हिशेब केला तर लिम्बच्या ताठपणातला साधारण चार-पंचमांश वाटा त्या दोन पातळ थरांचा निघतो. मधलं लाकूड जाडी भरतं, निम्मं वजन वाढवतं आणि उरलेला एक-पंचमांश ताठपणा देतं.

म्हणून इन्स्टाग्रामवर पारदर्शक काचेखाली दिसणारं ते सुंदर रेषांचं लाकूड पाहून भाव ठरवू नका. बहुतेक वेळा तो कागदासारखा पातळ, शोभेचा पदर असतो. छान दिसतो, हरकत नाही. पण बाण त्याच्यामुळे जोरात जात नाही.

जाडीबद्दल अजून एक. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी झाली तर ताठपणा २७ टक्के घटतो. चांगला कारागीर पॉलिश पेपरचे दोन हात मारताना घाबरतो, ते यामुळे.

हा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांची वर्गवारीच पदार्थावरून केली आहे. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं असे चार प्रकार आणि प्रत्येकाला वेगळं नाव: कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष्. पाठोपाठ दोऱ्या कशाच्या कराव्यात त्याचीही यादी येते. त्यात मोरवेल, रुई, ताग, बांबू आणि स्नायूंचे तंतू आहेत. आज 'लिम्ब मटेरियल' म्हणून जे विचारलं जातं, ते तिथे शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याचं कामकाज होतं.

त्याच्याही आधी हिरोडोटसने लिहून ठेवलंय की इराणच्या झर्क्सिसच्या फौजेत सुती कपडे घातलेले भारतीय तिरंदाज होते. त्यांची धनुष्यं वेताची किंवा बांबूची आणि बाणांना लोखंडी टोकं. पुढे इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाची लढाई झाली. रोमन इतिहासकार कर्टिअस सांगतो की पोरसाच्या तिरंदाजांची धनुष्यं इतकी मोठी होती की ती जमिनीवर टेकवूनच ओढावी लागत. त्या दिवशी पाऊस पडून चिखल झाला होता, आणि धनुष्य टेकवायला घट्ट जमीनच मिळेना.

पावसाने खरी गोची केली ती शिंगाच्या धनुष्याची. मध्य आशियातून आलेलं आणि मोगल काळात गाजलेलं हे धनुष्य म्हणजे त्या काळचं हायटेक. आत लाकडाचा गाभा, तिरंदाजाच्या बाजूला म्हशीचं शिंग आणि निशाणाच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू. शिंग दाब फार छान सहन करतं, स्नायू ताण सहन करतात. दोन पदार्थ, दोन कामं. वर सांगितलेली काच-लाकडाची रचना हीच कल्पना नव्या सामानात आहे.

पण हे सगळं चिकटवलेलं असायचं चामड्यापासून उकळून काढलेल्या सरसाने. आणि सरस पाण्यात विरघळतो. दमट हवेत तो नरम पडतो, स्नायू ओलावा धरतात, आणि धनुष्य ढिलं होत होत शेवटी सुटतं. कोरड्या प्रदेशात ते वर्षानुवर्षं टिकायचं. पावसाळी भारतात त्याला उबेत, वेष्टनात जपावं लागायचं.

यावर इथल्या लोहारांनी काढलेला तोडगा जगात फारसा कुठे दिसत नाही. त्यांनी अख्खं धनुष्य पोलादाचं केलं. सतराव्या-अठराव्या शतकातली अशी पोलादी धनुष्यं आजही संग्रहालयांत आहेत. शिंगाच्या धनुष्याइतका बाण ती फेकत नसत, कारण पोलाद जड. पातं जड असलं की बरीचशी ताकद पातं हलवण्यातच खर्च होते. पण चार पावसाळे शस्त्रागारात पडून राहिलं तरी हे धनुष्य उचलून वापरता यायचं. वेग थोडा सोडला आणि भरवसा घेतला. अंधेरी-घाटकोपरला राहणाऱ्या माणसापुढे आज हाच सौदा आहे, फक्त पोलादाच्या जागी दुसरे पदार्थ आलेत.

मुंबईची हवा लाकडाला काय करते?

लाकूड हवेतला ओलावा सतत घेतं आणि सोडतं. हवेत दमटपणा ६५ टक्के असेल तर उघड्या लाकडात साधारण ११-१२ टक्के पाणी असतं. दमटपणा ८५ टक्क्यांवर गेला की हळूहळू तेच लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत पोचतं. सांताक्रूझला जुलै-ऑगस्टमध्ये ८५ टक्के ही अगदी रोजची गोष्ट आहे. २६ जुलै २००५ ला जिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, ती ही सांताक्रूझ वेधशाळा उपनगरातलीच.

निव्वळ लाकडाच्या धनुष्यासाठी बहुतेक कारागीर ८ ते १० टक्के ओलावा धरून लाकूड तयार करतात. ओलावा एका टक्क्याने वाढला की लाकडाचा ताठपणा साधारण दीड ते दोन टक्क्यांनी घटतो. म्हणजे मार्चमध्ये ४० पौंडांचं असलेलं उघड्या लाकडाचं धनुष्य ऑगस्टमध्ये ३४-३५ पौंडांवर येऊ शकतं. बाण खाली जायला लागतात आणि माणूस स्वतःचा नेम बिघडला असं समजून महिनाभर डोकं फोडतो.

हे तरी डिसेंबरात सुधारतं. न सुधारणारी गोष्ट वेगळी आहे. ओलं लाकूड दाबलं की त्यात कायमचा बाक बसतो. दोरी काढली तरी पातं मूळ जागी परत जात नाही. एकदा असा बाक बसला की धनुष्याचा तेवढा जोर गेला तो गेलाच.

रिकर्व्हमध्ये अजून एक भानगड. टोकं वळलेली असल्यामुळे दोरी जराशी बाजूला सरकली तरी पात्याला पीळ पडायची शक्यता असते. सरळ लाँगबो हे सहन करतो, रिकर्व्ह करत नाही. त्यामुळे रिकर्व्हच्या लिम्बला वाकण्याची ताकद असून भागत नाही, पीळ सहन करण्याचीही लागते. निव्वळ लाकडाचा रिकर्व्ह मुंबईत जपणं अवघड जातं ते यामुळेच.

मग शेजारच्या जंगलातला बांबू?

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि शेजारच्या आरेमध्ये वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजांचे पाडे आहेत. वारली चित्रांत तिरकमठा घेतलेला माणूस दिसतो, तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. तिरकमठा म्हणजे तीर आणि कमठा, बाण आणि धनुष्य. बांबूच्या चिरलेल्या पट्टीला कामठी म्हणतात, तोही याच कुळातला शब्द वाटतो. सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्यात तर दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते. पाऊस पडो, ऊन पडो, दोरी ताणत नाही.

आज शिकार बेकायदा आहे, वन्यजीव कायदा १९७२ पासून लागू आहे. राष्ट्रीय उद्यानातून बांबू तोडणं हाही गुन्हाच. पण जंगलाबाहेर, खासगी जमिनीवर लावलेल्या बांबूचं तसं नाही. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन असा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे कोकणातल्या शेतकऱ्याकडून बांबू आणायला आता पूर्वीइतकी कटकट नाही.

पण कुठलाही बांबू चालत नाही. मांडवाला बांधतात तो पोकळ, पातळ भिंतीचा बांबू या कामाचा नाही. लागतो तो मानवेल किंवा सिंधुदुर्गातला माणगा. दोन्ही जवळजवळ भरीव. बांबूचे ताकदवान तंतू सालीलगत दाट असतात, आतल्या बाजूला विरळ होत जातात. म्हणून बांबूची पट्टी नेहमी साल निशाणाकडे ठेवून लावतात. कारण ताण त्या बाजूला येतो. हौशी लोक पट्टी गुळगुळीत दिसावी म्हणून सालीच तासून टाकतात. म्हणजे जे विकत घेतलं तेच फेकून दिलं.

दुसरी गोष्ट वयाची. निदान तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यावा. कोवळ्या आणि पावसात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, आणि त्याला भुंगा लागतो. लिम्बखाली जमिनीवर पिठासारखी पिवळी भुकटी दिसली तर समजावं की आत पोखरणं सुरू झालंय. तो लिम्ब मग कितीही आवडता असो, पुन्हा ओढू नये. बुरूड कारागिराला पट्टी चिरून घ्यायला सांगितली तर तो बांबूच्या रेषेनेच चिरतो. करवतीने कापलेली पट्टी तंतू तोडते, चिरलेली तोडत नाही.

लाकडातला देशी पर्याय म्हणजे धामण. सह्याद्रीत मिळणारं हे झाड लवचिकपणासाठी प्रसिद्ध आहे. हत्यारांचे दांडे, गाड्यांच्या दांड्या यांसाठी ते वापरत आले. संस्कृतात त्याचं नाव धन्वन, आणि निघंटूंमध्ये धनुर्वृक्ष असंही. नावातच धनुष्य आहे, अजून काय हवं? उलट सगळ्यांना ठाऊक असलेला साग इथे फारसा कामाचा नाही. तो फुगत कमी, पण फार वाकवला की तुटतो. शिवाय त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. मुठीसाठी शिसव छान, जड असल्यामुळे हात स्थिर राहतो.

तर मग पूर्ण बांबूचं धनुष्य घ्यावं का? घ्यावं, पण काय घेतोय ते माहीत असू द्या. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा वेगळा प्रकार आहे, तो बांबूच्या धनुष्यानेच खेळतात. देशभरात कितीतरी मुलांची सुरुवात या स्वस्त धनुष्यापासून होते. ते तुटलं तर दुसरं करता येतं. तुम्ही मात्र कस्टम रिकर्व्हसाठी भरपूर पैसे मोजणार असाल, तर बांबूची जागा बाहेर नाही, गाभ्यात आहे.

काच आली आणि खेळ बदलला

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रेड बेअर आणि इतर कारागिरांनी लाकडाच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लास चिकटवायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात हीच पद्धत रूढ झाली. शिंगाचं काम काचेने घेतलं, स्नायूंचंही काचेनेच घेतलं, सरसाच्या जागी इपॉक्सी आलं. काचेचे धागे बरेच ताणले तरी तुटत नाहीत आणि पाणी पीत नाहीत. मुंबईच्या हिशेबाने हा मोठा फायदा.

इथे एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. फायबरग्लास म्हटलं की इंडस्ट्रियल गाळ्यात सहज मिळते ती पाण्याच्या टाकीची किंवा पत्र्याची विणलेली किंवा विस्कटलेल्या धाग्यांची मॅट. ती धनुष्याला चालत नाही. लिम्बसाठी सगळे धागे एकाच दिशेने, लांबीत गेलेली काच लागते. टाकीच्या मॅटमधले धागे सगळीकडे पसरलेले, त्यामुळे वाकण्याच्या दिशेने थोडेच कामाला येतात. दिसायला दोन्ही सारख्याच चकचकीत. "आमच्याकडे फायबरचे लिम्ब आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका, धागे कुठल्या दिशेने आहेत ते विचारा.

गाभ्यात मेपल की बांबू? दोन्ही चांगले. मेपल एकसारखं असतं, घासायला सोपं, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. बांबूचा गाभा वारंवार वाकण्याला चिवट, म्हणून अनेक कारागिरांचा आवडता. दोन चांगल्या धनुष्यांत नुसत्या ओढीवरून गाभा ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे यावर वाद घालत बसण्यापेक्षा गोंद आणि कडा याकडे बघितलेलं बरं.

कारण काच फक्त वर आणि खाली असते. दोन्ही कडांना गाभ्याचं लाकूड उघडंच राहतं. टोकाला जिथे दोरीची खाच असते तिथे, आणि सुट्या भागांच्या धनुष्यात मुठीला बोल्ट लागतो त्या भोकात, लाकूड बाहेरच्या हवेला भेटतं. मुंबईत पाणी आत शिरतं ते इथूनच. गाभा फुगला की काचेचा पदर सुटतो. कडांना, टोकांना आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही पक्कं फिनिश दिलंय का, हे धनुष्य हातात घेतल्यावर पहिलं बघायचं.

आणि इपॉक्सी. नुसत्या हवेत सुकवलेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. भट्टीत उष्णता देऊन पक्कं केलेलं जास्त सहन करतं. मे महिन्यात अंधेरीत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डजवळ ६० अंश सहज होतात. मॅचला जाताना धनुष्य गाडीत ठेवलं, वडापाव खायला उतरलं आणि परत येऊन ओढलं की पदर सुटला, असं होऊ शकतं. गोंद उष्णतेने पक्का केलाय का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

कार्बन, फोम आणि पैशांचा प्रश्न

कार्बनचे धागे काचेपेक्षा तिपटीने ताठ आणि वजनाला हलके. त्यामुळे तेवढ्याच जोरासाठी थर पातळ लागतो, लिम्बची टोकं हलकी होतात, बाण थोडा जास्त वेगाने जातो. टोकं हलकी असणं फार मोलाचं आहे, कारण सुटताना सगळ्यात जोरात धावतात ती टोकंच. तिरप्या विणीचा कार्बन पदर पिळाला चांगला आवर घालतो, आणि रिकर्व्हला तेच हवं असतं.

फोमचा गाभा म्हणजे थर्माकोल नाही. तो धनुष्यासाठी बनवलेला दाट, कडक पदार्थ असतो. पाणी पीत नाही, थंडी-उन्हात जवळपास सारखाच वागतो. नुसत्या हवामानाचा विचार केला तर मुंबईसाठी कार्बन-फोम सगळ्यात योग्य म्हणावं लागेल.

मग तेच घ्यावं? घाई नको. किंमत काच-लाकडापेक्षा बरीच जास्त. शिवाय नव्या माणसाची सुरुवातीच्या वर्षात ताकद वाढते आणि ओढ बदलते, तेव्हा लिम्ब बदलावेच लागतात. २४ पौंडांचे कार्बन लिम्ब घेऊन आठ महिन्यांनी ते कपाटात टाकण्यात काय अर्थ आहे? कार्बनला खोल ओरखडा गेला, कडेला टोला बसला, तर तो काचेइतकी सूचना न देता जाऊ शकतो. लोकलच्या डब्यात गर्दीत दांडीवर आपटलेल्या लिम्बचा विचार करा.

लोकलचा विषय निघालाच आहे तर, सलग एकाच तुकड्याचं धनुष्य साधारण पाच फूट लांब. ते घेऊन सकाळची चर्चगेट फास्ट पकडणं म्हणजे दहा जणांशी भांडण. उपनगरात राहणाऱ्याने मूठ आणि दोन लिम्ब वेगळे होणारं टेकडाऊनच घ्यावं. पाठीवरच्या बॅगेत बसतं. मेट्रोच्या स्कॅनरवर विचारलं तर समजावून सांगायलाही सोपं. लिम्ब बसवण्याचं आयएलएफ नावाचं मापही अनेक कारागीर वापरतात. मूठ त्या मापाची असली की दुसऱ्या कंपनीचे लिम्बही त्यावर बसतात. मग देखणी मूठ एकदाच बनवायची आणि लिम्ब ताकदीप्रमाणे बदलत राहायचे.

थोडक्यात कोणी काय घ्यावं

पहिलंच धनुष्य असेल आणि आठवड्यातून दोनदा सराव असेल, तर मेपल किंवा बांबूचा गाभा, दोन्ही बाजूंना एका दिशेची काच, कडा बंद केलेल्या. ओढ २० ते २८ पौंडांच्या दरम्यान. बहुतेकांना यापलीकडे जायची गरजच पडत नाही.

दोन-तीन वर्षं नियमित खेळून ओढ स्थिर झाली असेल आणि स्पर्धा खेळायच्या असतील, तर कार्बन-फोमचा खर्च समजण्यासारखा आहे. पण ज्या प्रकारात उतरणार त्याचे नियम आधी वाचा. काही प्रकारांत धनुष्य कशाचं असावं यावर बंधनं असतात.

आणि कुणाला स्वतःच्या हाताने घडवायचंच असेल, तर त्याने बांबूच्या सरळ धनुष्यापासून सुरुवात करावी. पहिल्याच वेळी रिकर्व्हच्या वाटेला जाऊ नये. काच किंवा कार्बन घासायची वेळ आलीच तर चांगला मास्क हवा. ती भुकटी फुप्फुसात जाते. वन बीएचकेमध्ये घासली तर घरातल्या सगळ्यांच्या.

शिंग आणि स्नायूंचं धनुष्य हवंच असेल तर त्याला एसीच्या खोलीत ठेवावं लागेल, आणि विजेचं बिल धनुष्याच्या किमतीत धरावं लागेल.

घरी आणल्यावर

सराव संपला की दोरी उतरवायची. लिम्ब टोकावर उभा करून कोपऱ्यात ठेवायचा नाही, आडवा दोन खुंट्यांवर ठेवायचा. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. पाहुण्यांच्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, कारण त्यांचा हात पहिला तिथेच जातो. बाणाने न्यायची ताकद अशा वेळी लिम्बमध्येच आदळते.

पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या रंग बदलणाऱ्या असतील तर उत्तम, कधी वाळवायच्या ते कळतं. भिजलेलं धनुष्य लगेच बॅगेत भरू नका, आधी पुसून पंख्याखाली वाळू द्या.

नव्या धनुष्यावर डायनीमासारखी न ताणणारी दोरी लावायची असेल तर लिम्बची टोकं त्यासाठी मजबूत केली आहेत का, हे कारागिराला विचारा. जुन्या लिम्बवर डेक्रॉनचीच दोरी बरी. ती थोडी ताणते, धक्का सोसते.

महिन्यातून एकदा कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही बाजूंवरून आणि कडांवरून हलकेच फिरवा. कापूस कुठे अडकला, धागा निघाला, तर तिथे बारीक चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, कापसाला सापडते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावर ही तपासणी चुकवू नका. त्याच वेळी दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर मोजून बॅगेतल्या वहीत लिहून ठेवा. आकडा बदलला असेल तर आधी दोरी बघा, मग लिम्ब. नेमाला दोष त्यानंतर द्या.